नऊ दिवसांची फेज अन् अर्पिताची पेटी

आधी आला तो विठ्ठलराव. माह्यं सडा-सारवण व्हायचं होतं, चुलीवर चहाचं भांडं नुसतं ठेवलं होतं, अन् हा माणूस डोक्यावर पंपाचा स्टार्टर घेऊन दारापुढच्या सपरीत उभा. अख्खा स्टार्टर, मानीबाई, लोखंडी डब्यासकट, खाली लोंबणाऱ्या वायरीसकट, जसा काही बाजारातून वांग्याचं टोपलं घेऊन आला. म्हणे, वहिनी, पोरीले उठवा, फेज शिफ्ट करून पाहिजे. मी म्हटलं, भाऊजी, आधी पाय पुसा. म्हणे, पाय मंग पुसतो, आधी नंबर लावतो, माह्या मागं अकरा जण येऊन राह्यले. अन् नंबर लावायचा म्हणून स्टार्टर ठेवला कुठं, तं माह्या तुळशीच्या ओट्यावर! तुळशीचं लग्न होऊन पुरते पाच दिवस नाही झाले, तिच्या अंगावरची हिरवी चोळी अजून तशीच, अन् तिच्या बाजूले तो ग्रीस लागलेला स्टार्टर, जसा नवरदेव. मले असा भल्ला राग आला का चहा उतू गेला तरी समजलं नाही.

थांब, रामराम राह्यला. रागात माणसाचं असंच होते. तं फुलसावंगीहून तानाबाईचा लोहाऱ्याच्या मानीबाई राठोड हिले रामराम पोचावा. इकडं सारे बरे आहो. तुहे टोंगळे कसे आहेत, उठता-बसता दुखतात का? साखर वाढली असं ऐकलं. चोरून गूळ खाऊन राह्यली असशीन, मले तुही सवय माहीत आहे. (सूनबाई, तू वाचून दाखवून राह्यली ना? गुळाचं वाचलं तं आता पुढं चाल, तिथंच भांडण सुरू करू नको.) तुह्या लेकाची, धरमसिंगची, कंपनी चालू आहे ना? तू सुखात आहे असं समजून लिहिते. सुखात नसशीन तं तसं कळवजो, कारण फोन तं तू उचलत नाही. दोन वर्षं झाली. धरमसिंगच्या घराच्या वास्तूले मी इतकंच म्हटलं होतं, की दरवाजा ठेंगणा झाला, त्यावर तू जी रुसून बसली ते आजवर. (ठेंगणाच आहे. पण ते आता राहू दे.) फोन लावला का दोनदा वाजते अन् कट. म्हणून कागद लिहून राह्यली. चौथीपर्यंतचं माह्यं अक्षर, वेलांट्या कमी-जास्त झाल्या तं सूनबाईनं लावून घ्याव्या. पण एक आहे, कागद कट करता येत नाही.

लिहायचं कारण एकच. माह्यी नात अर्पिता, लेकाची मोठी, पुण्याहून दसऱ्याले घरी आली अन् दिवाळी झाली तरी गेली नाही. पाच वर्षात पहिल्यांदा! तिथली नोकरी तिनं सोडली का सुटली, हे मी विचारलं नाही अन् तूही विचारजो नको. पण बुधवारी तिची पेटी गेली, तं गुरुवारी पोट्टी जाते. इतकंच कारण आहे. आता पेटी काहून जाते, कुठं जाते अन् त्यात तुह्या सख्ख्या भावानं काय काशी केली, हे समजायले तुले पहिल्यापासून ऐकावं लागते.

पेटी म्हणजे भजनातली पेटी नाही. ही म्हणजे एक लाकडी खोकं, त्यात उभ्या पट्ट्या, पट्ट्याईले खुंट्या अन् भोकं, अन् मधातून मधातून मिचमिच करणारे दिवे. तिच्यातून ती आवाज काढते, अन् कुठल्या कुठल्या नाटकवाल्याईले, शिनेमावाल्याईले कम्प्युटरवरून धाडते. अर्पिता त्याले मोड्युलर म्हणते. मी पहिल्या दिवशी म्हटलं, माय, मोडलेलं होतं तं आणलं कायले? हसून हसून लोळली पोट्टी. म्हणे आजी, मोडलेलं नाही, सुटं सुटं. मंग समजलं. आपला मसाल्याचा डबा कसा राहते, एका वाटीत हळद, एकीत तिखट, एकीत जिरं, तसंच ते. एक पट्टी नुसता आवाज काढते, एक त्याले लहान-मोठा करते, एक त्याची धार काढते. अन् फोडणी म्हणजे वायरी. इकडून काढायची, तिकडं खुपसायची. लाल, पिवळ्या, निळ्या, इतक्या वायरी का मले वाटे, कोणी स्वेटर विणता विणता उठून गेलं. त्याच्यासमोर बसली का तीन तीन घंटे उठत नाही. जेवायले हाक मारली तं आली म्हणते अन् येत नाही. मी चिडते, ओरडते, ताटावर झाकण ठेवते. पण मानीबाई, घरात आवाज आहे वो. लेक वावरात, सून अंगणवाडीत, अन् मी पाच वर्षं कोंबड्याईशी बोलून काढली. आता आतल्या खोलीतून दिवसभर घुंईं घुंईं येते. पहिले दोन दिवस कोंबड्या अंड्यावर बसल्या नाही. आता त्याही शिकल्या.

तं त्या डब्यात एक वाटी कमी होती. नाव फेज शिफ्टर. अर्पितानं ठरवलं, इथंच बनवू. स्टँडवर तारिकचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तोच जो तुह्या भावाची मोटार दर उन्हाळ्यात भरून देते. हा तारिक मोठा कारागीर माणूस, फक्त बोलते लय. चार दिवस दोघं त्याच्या दुकानात मान खाली घालून बसले, सोल्डरचा धूर, पाय असलेले मुंगळ्यावानी काळे काळे किडे (त्याले चिप म्हणतात), अन् तारिकनं पत्रा कापून, घासून पट्टी बनवली. मंग अर्पिता म्हणे, बाकी साऱ्या पट्ट्यावर इंग्रजी आहे, हिच्यावर मराठीत लिहू, आजीले वाचता आलं पाहिजे. बस, तिथंच घात झाला! कारण लिहायले दिलं कोणाले, तं जलाल पेंटरले. जलाल अक्षर सोन्यासारखं काढते, पण जन्मभर त्यानं रंगवल्या लाईटच्या डीपीवरच्या धोक्याच्या पाट्या. त्यानं लाल रंगात हे मोठ्ठं लिहिलं, फेज शिफ्टर, अन् हात सवयीनं पुढं गेला, तं खाली वीज काढली अन् विजेखाली कवटी. दोन हाडं आडवी टाकली ते वेगळंच. मी म्हटलं, जलालभाऊ, हे वाजवायचं सामान आहे. म्हणे, चाची, रिकामी जागा बरी दिसत नव्हती.

आता त्या पट्टीत होते काय, ते मी तुले नीट सांगते, कारण या गावात ते कोणाले समजलं नाही अन् कोणाले समजून घ्यायचंही नाही. मले अर्पितानं भाकरी थापता थापता सांगतलं. आवाज आत गेला का त्याचे दोन होतात, जशा जुळ्या बहिणी. एक सरळ रस्त्यानं निघून जाते. दुसरीले चार दारावरून जावं लागते, अन् दर दारात ती उलीशी, जराशी, थबकते. थबकली म्हणजे मागं पडली. पण दुबळी होत नाही, हे ध्यानात ठेव. जितक्या जोराची आत गेली तितक्याच जोराची बाहेर येते, फक्त पाऊल चुकते. अन् सारे आवाज सारखे मागं पडत नाही. जाड आवाज (म्हशीचा, विठ्ठलरावचा) दारात कोणाले ओळख न देता निघून जाते. बारीक आवाज (तुहा) दारादारात रेंगाळते. शेवटी दोघी बहिणी पुन्हा एका जागी भेटतात. जिथं पाऊल जुळलं तिथं आवाज मोठा. अन् जिथं एकीचं वर अन् दुसरीचं खाली, तिथं दोघी एकमेकीले खाऊन टाकतात, अन् आवाजाले भोक पडते. आवाजाले भोक, बाप्पा! चार दारं तं दोन भोकं, आठ दारं तं चार. (असं काहून, ते तारिकले विचारजो, त्याले बोटावर मांडून सांगता येते.) अन् मंग एक हळू झोका घेणारी पट्टी असते, तिची वायर यात खुपसली का थबकणं कधी वाढते, कधी कमी होते, अन् ती भोकं खाली-वर फिरतात. मंग आवाज कसा येते सांगू? वारं सुटल्यावर दूरच्या गावचं लाउडस्पीकर कसं जवळ येते अन् लांब जाते, तसा. आणखी एक खुंटी आहे, ती फिरवली तं बाहेर आलेला आवाज उलीसा परत पहिल्या दारात सोडते. मंग शीळ घातल्यावानी होते. ती मी एकदा जास्तच फिरवली, तं गल्लीतले सारे कुत्रे आमच्या दारात.

अन् एक दिवस पोट्टीनं माह्यासमोर माईक धरला. म्हणे, गाय आजी. मी म्हटलं, काय गाऊ? म्हणे, काहीही. तं मी आपलं वेचणीचं गायली, बोंड फुटलं वो बाई, वावर हासलं, आठवते का? आपण कापसाच्या एकाच तासात, एकाच ओळीत वेचायचो, तू अन् मी, अन् तुले तव्हा मराठी धड येत नव्हती. तांड्याची पोरगी, गोरमाटी बोलणारी, तू शब्द माह्या तोंडाकडं पाहून उचलायची, म्हणून दर ओळीले उलीशी मागं असायची. सारं वावर हसे. तं अर्पितानं खुंटी फिरवली, अन् पेटीतून आल्या दोन बाया. एक मी, अन् एक माह्या उलीशी मागं. मी दचकून मागं पाह्यलं, मानीबाई, खोटं नाही सांगत. मागं कोणी नव्हतं, वाळत टाकलेली सरकी होती. तव्हाही मले भल्ला राग आला. अल्युमिनच्या पट्टीले समजते माह्या मागं कसं यायचं, अन् तुले फोन उचलता येत नाही!

जाऊ दे. विठ्ठलरावकडं ये. तो आलता कायले, तं डीपीवर नऊ दिवसांपासून तीनपैकी दोनच फेज. तुले माहीतच आहे, दोन फेजवर पंप नुसता गुरगुरते, फिरत नाही. पऱ्हाटीच्या बोंडात यंदा ती गुलाबी अळी, अर्धं तिनं खाल्लं, उरलं त्याले पाणी नाही. नऊ दिवस सारं गाव लाईटच्या ऑफिसात फोन करून राह्यलं अन् नऊ दिवस तिकडून एकच उत्तर, उद्या येतो. अन् अशात कोणीतरी (कोण ते माहीत नाही) गावात उठवून दिलं का तानाबाईच्या नातीनं फेज शिफ्टर बनवला, एका फेजच्या दोन करते, मेलेली फेज जित्यावर आणते. झालं! विठ्ठलरावच्या मागं तुहा भाऊ पूनमसिंग, तो तं बैलबंडीत अख्खी पाच हॉर्सपॉवरची मोटार घालून. म्हणे, याडी, माय वो! काय भीड जमली! जशी काही त्यात तो नव्हताच. वरून नारळ आणलेला. त्याच्या मागं आणखी दहा. कोणाच्या हातात कटाऊट, कोणाच्या हातात नुसती वायर. एक जण तं मिक्सर घेऊन आलता, म्हणे झालं तं झालं. गर्दी पाहून तारिकही आलता.

अर्पिता उठून बाहेर आली, डोळे चोळत, अन् समजावून सांगू लागली. हे बारा व्होल्टचं आहे म्हणे, हे आवाजाचं आहे, तुमच्या लाईनचं नाही. विठ्ठलरावनं ऐकून घेतलं, मान डोलावली, अन् म्हणे, बेटा, आम्ही काही फुकटात नाही म्हणत. तव्हा माह्यी सटकली. मी आतून गोधडी आणली. विठ्ठलरावले म्हटलं, हे टोक धरा. पूनमसिंगले म्हटलं, तू ते धर. मधात ठेवला मुठभर कापूस. म्हटलं, आता दोघं संगं हात वर करा, संगं खाली. केले. कापूस असा उडाला का मिक्सरवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसला. म्हटलं, ही झाली जुळलेली फेज. आता पूनमसिंग, तू मागं पड. विठ्ठलरावचा हात वर गेला का तुहा खाली पाहिजे. हे काही त्याईले लवकर जमलं नाही (दोघं एरवी बांधावर भांडण्यात एकदम पटाईत, पण गोधडीवर एकमेकाचं पाहून हात हलवतात), पण चौथ्या खेपेले जमलं. एकाचं टोक वर, एकाचं खाली, अन् मधातला कापूस जागचा हलेना. दोघं घामाघूम अन् कापूस निवांत. मी म्हटलं, पाह्यलं? जोर दोघाईचा तितकाच, पण मधात भोक. हा फेज शिफ्टर! मले वाटलं, समजलं. अर्पिता तं माह्याकडं अशी पाहून राह्यली होती, जसं मीच तिचं कॉलेज. अन् विठ्ठलराव गोधडीचं टोक सोडून म्हणे, लय छान वहिनी. मंग पंप कव्हा चालते?

मी गोधडीची घडी घालायले अन् चहा ठेवायले आत गेली, नाही तं माह्या हातून काही झालं असतं. जरा वेळ लागला. अन् बाहेर येऊन अर्धा कप पाजते न पाजते, तं दारात जीप! ऑफिसचा सायेब, संगं दोन माणसं. कोणीतरी मेल्यानं फोन करून कळवलं म्हणे, इथं यंत्र लावून फेज इकडची तिकडं करून राह्यले. मानीबाई, नऊ दिवस फेज नाही म्हणून फोन केला तं कोणी आलं नाही, अन् फेज चोरली म्हणून फोन गेला तं अर्ध्या घंट्यात जीप! माह्या अंगाची आग झाली. ज्यानं फोन केला त्याच्या जिभेले फोड येवो, असं मी भर अंगणात म्हटलं, साऱ्याईनं ऐकलं.

सायेब आत गेला. पेटी पाह्यली, वायरी पाह्यल्या, अन् जलालची कवटी पाह्यली. म्हणे, धोक्याचं चिन्ह तं तुम्हीच लावलं, मंग आता आवाजाचं आहे कसं म्हणता? पोट्टीनं बिचारीनं सारं सांगतलं, दोन रस्ते, चार दारं, भोकं. अन् एक सांगते, सायेब शिकलेला होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला, कागद खाली ठेवला, अन् म्हणे, म्हणजे उलटी फेज एकमेकीले खाते तसं? डोळे चमकले त्याचे. मले वाटलं, आता खुर्ची ओढून बसते. पण मागं वळून पाह्यलं, तं दारात बारा जण स्टार्टर अन् मोटारी घेऊन उभे. मंग तो पुन्हा सायेब झाला. म्हणे, मले लिहून घ्यावंच लागते. पंचनामा केला, पेटीले कागदाची पट्टी चिकटवली, त्यावर सही. अन् पंच म्हणून सही कोणी केली? विठ्ठलरावनं अन् तुह्या भावानं! ज्या हातानं माह्यी गोधडी धरली, त्याच हातानं सही. पूनमसिंगले विचारलं, काहून रे, तुले काय समजलं त्या कागदात? म्हणे, सायेबानं पेन दिला. पेन दिला! उद्या कोणी याले फावडं दिलं तं स्वतःचीच इहीर बुजवीन हा.

अन् पुढचं ऐक. सायेबाचा एक माणूस आमच्या घरून डीपीवर काही छेडछाड झाली का ते पाह्यले खांबावर चढला. छेडछाड कायची होते? तिसऱ्या फेजची फ्यूज तार जळलेली, बस. वर होताच, त्यानं नवी टाकली. माहा दुसरा चहा उकळेपर्यंत काम झालं. नऊ दिवसांचं काम! अन् चारी बाजूनं वावरातून पंपाचे आवाज उठले. तं लोकाईनं काय म्हणावं? म्हणे, पाह्यलं, मशीनले सायेबानं कुलूप लावलं तरी तिनं फेज आणली! मिक्सरवाल्याचा मिक्सर फिरला, त्याचंही श्रेय पेटीले, जो बिचारा घरच्या लाईटवर कालही फिरत होता. पूनमसिंगनं तो नारळ पेटीसमोर फोडला. विठ्ठलरावनं सायेबाच्या सहीवर हळद-कुंकू वाहिलं. अर्पिता ओरडली, काका, पाणी आत जाईन! तं म्हणे, बेटा, देवाले कायची भीती.

आता बुधवारी मोठा सायेब येणार. त्याच्यासमोर ही पेटी वाजवायची आहे हे दाखवता आलं, तं कागदाची पट्टी काढतीन. नाही तं पेटी जीपमध्ये. अन् इकडं पोट्टी मुकी झाली. रडली असती तं बरं होतं, मी रागावली असती, ती रागावली असती, झालं असतं. ती कपड्याच्या घड्या घालून राह्यली. म्हणे, आजी, इथं नाही होणार वो. खोलीतून परवापासून आवाज नाही. कोंबड्या दारात येऊन मान वाकडी करकरून आत पाहतात.

असो. मन मोकळं झालं. तुह्याकडून मले काही नको, नुसतं कळवावं म्हणून लिहिलं. तारिक सोमवारी लोहाऱ्याले तांब्याची तार आणायले येऊन राह्यला, मंगळवारी वापस येते, त्याच्याच हातानं हा कागद देते. त्याले चहा पाजजो, अन् बोलायले लागला तं मधात थांबवजो. टोंगळ्याले निरगुडीचा पाला गरम करून बांधजो. सूनबाईले, लेकराईले आशीर्वाद.

तुही (रुसली तरी तुहीच)
तानाबाई

ता. क. काही नको असं वर लिहिलं, ते खोटं आहे. मंगळवारी तारिकसंगं एसटीत बसून येजो. मी रातंदिन विचार करून एक ठरवलं. मोठ्या सायेबासमोर पेटी एकदम वाजवली, तं तो म्हणीन, हा विजेचा खेळ. म्हणून आधी पेटी नाहीच. आधी तू अन् मी. मी वेचणीचं गाते, तू नेहमीसारखी उलीशी मागं ये. सायेबाले आधी दोन म्हाताऱ्याईची फेज ऐकू दे, मंग अर्पिता एकट्या माह्या आवाजाची दुसरी बाई पेटीतून काढीन. म्हणजे त्याले समजीन का पेटी तेच करते, जे तू पन्नास वर्षं केलं. गाव सारं तुह्या मागं राहण्याले हसे, मीही हसे. आता तेच पाहिजे आहे. अन् मुद्दाम मागं राह्यची प्रॅक्टिस करजो नको, बिघडवशीन.

ता. क. दुसरं. गावात कोणी उठवलं ते माहीत नाही असं लिहिलं. मीच. पिठाच्या गिरणीवर. चार बाया आपापल्या नातवाईचं सांगून राह्यल्या होत्या, कोणाचा तलाठी, कोणाची नर्स, अन् माह्याकडं पाहून म्हणे, तुमची आली का परत? तं माह्या तोंडून निघालं का आमच्या अर्पितानं फेज शिफ्टर बनवला. त्याईनं विचारलं, मंग मेलेली फेज येते का? मी नाही म्हटलं नाही. दळण घेतलं अन् आली.

ता. क. तिसरं, अन् हे मोठ्यानं वाचजो नको, सूनबाई, कानात सांग. तो फोनही मीच केला. चहा ठेवायले आत गेली तव्हा, तारिकच्या मोबाईलवरून, आवाज बदलून. मले वाटलं, फेज नाही म्हटलं तं येत नाही, चोरली म्हटलं तं येतीन, तार टाकतीन अन् जातीन. तार टाकली, पण पट्टी लावतीन हे माह्या डोक्यात आलं नाही. अर्पिताले हे माहीत नाही. तारिकले माहीत आहे, म्हणून त्याले जास्त बोलू देजो नको म्हटलं. अन् जिभेले फोड आला आहे. दोन दिवसांपासून तिखट लागत नाही, नुसतं वरण-भात चालू आहे. तुह्या दरवाजाचं जे म्हटलं ते परत घेते. (गुरुवारपर्यंत.)

मोठा सायेब बुधवारी अकरा वाजता येते म्हणून सायेब सांगून गेला, विठ्ठलराव बाभुळगावच्या जावयाले मोटारीसकट घेऊन बुधवारी येतो म्हणून सांगून गेला, अन् तुहा भाऊ दुसरा नारळ घेऊन, तोही बुधवारीच.